सेंट अँड्र्यूजचे मैदान क्लबाचे नव्हे, गावाचे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गोल्फमधील ‘द ओपन’ ही सर्वांत जुनी अजिंक्यपद स्पर्धा २०२७ च्या जुलै महिन्यात स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथे परत जाणार असल्याचे वृत्त आपल्या दैनिकाच्या क्रीडा पानावर गेल्या आठवड्यात वाचले. कुस्ती, कबड्डी आणि क्रिकेट यांच्या दाटीत साताऱ्याच्या वाचकांसाठी या खेळाला चार बोटे जागा मिळाली, याचा आनंद झाला. परंतु त्या चार बोटांत तीन चुका आहेत. पहिली भाषांतराची आहे. ‘लिंक्स कोर्स’ याचे मराठी ‘दुव्यांचा अभ्यासक्रम’ असे छापले गेले आहे. ते यंत्राने केले की घाईने, हे आपणांसच ठाऊक. दुसरी चूक इतिहासाची आहे. ही स्पर्धा १८६० साली सेंट अँड्र्यूजला सुरू झाल्याचे म्हटले आहे. वास्तविक ती स्कॉटलंडच्याच पश्चिम किनाऱ्यावरील प्रेस्टविक येथे सुरू झाली आणि पहिल्या बारा स्पर्धा तिथेच झाल्या. या दोन्ही चुका हसून सोडून देता आल्या असत्या. तिसरी मात्र मला सोडवेना. सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स, म्हणजे ही स्पर्धा जिथे खेळली जाते ते मैदान, हा रॉयल अँड एन्शंट क्लबाच्या मालकीचा, धनिकांचा खासगी पट असल्याचे आपल्या वृत्तात लिहिले आहे. हे खरे नाही, आणि ते का खरे नाही याची हकिगत आपल्या जिल्ह्यातील वाचकांना क्रीडावृत्तापेक्षा अधिक जवळची वाटेल, म्हणून हे पत्र जरा लांबवतो.

माझी ओळख एवढ्यासाठीच देतो की मी गोल्फ खेळणारा नाही. गोल्फची काठी मी आजवर हातात धरलेली नाही. माझी सारी नोकरी सातारा जिल्ह्यात जमीन मोजणीच्या कामात गेली. उमेदवारीत सोळा आण्यांची, म्हणजे तेहतीस फुटांची साखळी ओढली आणि निवृत्तीच्या सुमारास उपग्रहावरून मोजणी करणारी यंत्रे आलेली पाहिली. मुलगा स्कॉटलंडमधील डंडी येथे नोकरीस असल्याने दोन उन्हाळे तिकडे राहण्याचा योग आला. डंडीच्या एका अंगाला कार्नुस्टी आणि खाडीपलीकडे सेंट अँड्र्यूज, अशी ओपन भरवणारी दोन गावे बसने जाऊन येण्याच्या टप्प्यात आहेत. रिकामा माणूस जमीन पाहत फिरला, तर तिचा मालक कोण हे विचारल्यावाचून त्याला राहवत नाही. तेवढ्या सवयीने मी या विषयात शिरलो.

आधी त्या शब्दाचा निकाल लावू. समुद्र आणि कसदार शेतजमीन यांच्या मधल्या वाळूच्या पट्टीला तिकडे लिंक्स म्हणतात. हा शब्द जुन्या इंग्रजीतील ‘ह्लिंक’ या शब्दावरून आला असून त्याचा अर्थ उंचवटा किंवा चढण असा आहे. साखळीच्या दुव्याशी त्याचे नाते नाही. समुद्र हळूहळू मागे सरला, त्याने सोडलेल्या वाळूच्या वाऱ्याने टेकड्या आणि घळी केल्या, त्यांवर बारीक आणि चिवट गवत धरले. कितीही पाऊस झाला तरी पाणी वाळूत मुरते आणि वरची जमीन टणक राहते. अशा जागी नांगर चालत नाही आणि पीक उभे राहत नाही. आमच्या दप्तरात तिची नोंद पोटखराब्यात झाली असती. तिथल्या लोकांनी तीवर मेंढरे सोडली, ससे पकडले, धुणे वाळत घातले आणि काठीने चेंडू टोलवला. वाऱ्याला आडोसा करून बसणाऱ्या मेंढरांनी उकरलेल्या खळग्यांचे पुढे बंकर, म्हणजे चेंडू अडकवणारे वाळूचे खड्डे, झाले असे मानले जाते, आणि सशांनी कुरतडून आखूड ठेवलेल्या गवतावर चेंडू सरळ घरंगळे, म्हणून त्याच जागा चेंडू खळीत घालण्यासाठी निवडल्या गेल्या. टिपण, म्हणजे आराखडा, आधी आणि जमीन नंतर, असे ओल्ड कोर्सच्या बाबतीत झालेले नाही. जमीन होती तशी होती. खेळ तिच्यावर बसत गेला.

एका फेरीत अठराच होल, म्हणजे चेंडू खळीत घालण्याचे टप्पे, का, याचे उत्तरही त्याच पट्टीत आहे. पट्टी अरुंद असल्याने लोक गावापासून खाडीच्या टोकापर्यंत खेळत जात आणि बहुतेक त्याच खळ्यांवर खेळत परत येत. अशी बावीस होलांची फेरी होई. १७६४ साली सुरुवातीच्या चार होलांचे दोन करण्यात आले, ते जाताना आणि येताना दोनदा मोजले जात असल्याने बावीसचे अठरा झाले, आणि पुढे साऱ्या जगाने तोच आकडा उचलला. येणाऱ्या-जाणाऱ्यांची गर्दी वाढली तेव्हा एकाच हिरवळीवर, म्हणजे खळीभोवतीच्या आखूड गवतावर, दोन खळ्या करण्यात आल्या. आजही तिथे अशा सात जोडहिरवळी आहेत आणि त्यांच्या क्रमांकांची बेरीज दर वेळी अठरा येते: दुसरा आणि सोळावा, तिसरा आणि पंधरावा, असे करत आठवा आणि दहावा. मी मुलाच्या स्वयंपाकघरातील टेबलावर कागद घेऊन ही बेरीज सातही वेळा करून पाहिली, हे कबूल करतो.

स्पर्धा जुलैच्या मध्यावर, म्हणजे आपल्या आषाढाच्या आसपास भरते. त्या दिवसांत चाळकेवाडीच्या पठारावर, पवनचक्क्यांच्या खाली, छत्री उघडून जो उभा राहिला असेल त्याला लिंक्सवरचा वारा समजावून सांगण्याची गरज नाही. अमेरिकेतील बहुतेक नामांकित मैदाने झाडांच्या आडोशाने असतात. तिथे चेंडू उंच उडवून मऊ हिरवळीवर जागच्या जागी थांबवता येतो. लिंक्सवर आडोसा नाही आणि जमीन टणक आहे. उंच गेलेला चेंडू वारा घेऊन जातो, म्हणून तो जमिनीलगत ठेवून, उतार वाचून, तीस-चाळीस यार्ड आधीच टाकून घरंगळत न्यावा लागतो. जमिनीचे उंचसखल वाचण्याचे हे काम पाहताना मला आपल्याच धंद्यातील माणसे पाहिल्यासारखे वाटे. २०१० मध्ये सेंट अँड्र्यूज येथे रोरी मॅकिलरॉयने गुरुवारची फेरी ६३ फटक्यांत संपवली आणि शुक्रवारी, त्याच मैदानावर, वारा सुटल्यावर त्याला ८० फटके लागले (या खेळात ज्याला कमी फटके लागतात तो पुढे). २०१५ मध्ये हिरवळीवर थांबलेले चेंडू वाऱ्याने आपोआप सरकू लागल्यामुळे शनिवारी खेळ तासन्‌तास थांबवावा लागला आणि पावसाचा व्यत्यय धरून स्पर्धा सोमवारपर्यंत लांबली. या मैदानात ११२ बंकर आहेत. २००० साली टायगर वुड्सचा चेंडू चार दिवसांत त्यांपैकी एकाही बंकरात गेला नाही आणि तो आठ फटक्यांच्या फरकाने जिंकला. उलट १९७८ साली जपानचा टॉमी नाकाजिमा सतराव्या होलच्या हिरवळीवर सुखरूप पोहोचूनही त्याचा पुढचा चेंडू उतारावरून कडेच्या बंकरात घरंगळला, तिथून बाहेर पडायला त्याला चार फटके लागले आणि चार फटक्यांत संपणे अपेक्षित असलेल्या त्या होलवर नऊची नोंद झाली. आधीच्या पिढीतील लोक त्या बंकराला अजून नाकाजिमाच्या नावाने ओळखतात.

या सतराव्या होलला रोड होल म्हणतात. हिरवळीला अगदी खेटून रस्ता जातो आणि रस्त्यापलीकडे दगडी भिंत आहे. चेंडू रस्त्यावर गेला तर तो उचलून आत आणता येत नाही, रस्त्यावरूनच खेळावा लागतो. गोल्फमधील सर्वांत जुन्या स्पर्धेचा निर्णय ज्या होलवर पुष्कळदा फिरतो, तिथे एक साधा रस्ता खेळाचा भाग होऊन राहिला आहे, ही गोष्ट वहिवाटीच्या रस्त्यांचे तंटे ऐकण्यात ज्याचे आयुष्य गेले त्याला किती सुखावून गेली असेल, याची आपण कल्पना करावी.

आता मालकीकडे येतो. या जमिनीचा जणू फेरफार उताराच काढला, तर तो असा दिसतो.

स्कॉटलंडच्या पार्लमेंटने राजा दुसरा जेम्स याच्या काळात, १४५७ साली, गोल्फ आणि फुटबॉल यांवर बंदी घातली, कारण तरुण मुले धनुर्विद्येचा सराव सोडून या खेळांच्या नादी लागली होती. (२०२३ मध्ये बर्लिनला तिरंदाजीचे जगज्जेतेपद पटकावणाऱ्या अदिती स्वामीचे हे गाव आहे, तेव्हा साताऱ्याने या वादात राजाची बाजू घेतली तर मी आडवा येणार नाही.) बंदी फारशी टिकली नाही. त्याच घराण्यातील चौथ्या जेम्सने १५०२ मध्ये स्वतःसाठी गोल्फच्या काठ्या विकत घेतल्या, आणि त्या पर्थ गावच्या धनुष्ये बनवणाऱ्या कारागिराकडून घेतल्या. महत्त्वाचा दस्त आहे तो १५५२ चा. आर्चबिशप जॉन हॅमिल्टन यांना लिंक्सवर ससे पाळायचे होते. त्यासाठी गावाची संमती घेताना त्यांनी लिहून दिले की या जमिनीवर गोल्फ, फुटबॉल, नेमबाजी आणि इतर खेळ खेळण्याचा गावकऱ्यांचा हक्क अबाधित राहील. म्हणजे हक्क त्यांनी दिला नाही. आधीपासून असलेला हक्क मान्य केला. आमच्याकडे निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांत गावाच्या ज्या वहिवाटी नोंदवल्या जातात, त्यांच्याशी या दस्ताची जात जुळते.

पुढे तेच ससे गावाच्या मुळावर आले. अठराव्या शतकाच्या अखेरीस कर्जात बुडालेल्या नगरपालिकेने लिंक्सची जमीन हातची घालवली आणि ती सशांचा व्यापार करणाऱ्या डेम्पस्टर घराण्याकडे गेली. सशांनी मैदान पोखरून काढले. गोल्फ खेळणारे आणि ससेवाले यांच्यात हाणामाऱ्या झाल्या, दावे पडले, आणि प्रकरण लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेले. अखेर १८२१ मध्ये स्ट्रॅथटायरमचे जमीनदार जेम्स चीप यांनी ती जमीन विकत घेऊन खेळासाठी राखली. त्या शतकाच्या शेवटी ती पुन्हा विक्रीस निघाली, तेव्हा रॉयल अँड एन्शंट क्लबाने ती घेतली हे खरे आहे, आणि आपल्या वार्ताहराची गफलत बहुधा इथेच झाली असावी. कारण लगेच १८९४ मध्ये पार्लमेंटने स्वतंत्र कायदा केला आणि त्याआधारे नगरपालिकेने जमीन क्लबाकडून परत घेतली. १९७४ मध्ये स्थानिक कारभाराची पुनर्रचना होऊन सेंट अँड्र्यूजची नगरपालिकाच मोठ्या जिल्ह्यात विलीन होण्याची वेळ आली. तेव्हा गावाची जमीन दूरच्या कचेरीच्या हाती जाऊ नये म्हणून पुन्हा कायदेशीर तरतूद करून सेंट अँड्र्यूज लिंक्स ट्रस्ट स्थापन करण्यात आला. ओल्ड कोर्स धरून सात मैदाने आज हा ट्रस्ट सांभाळतो. पहिल्या टीच्या, म्हणजे खेळ सुरू करण्याच्या जागेच्या, मागे दिसणारी क्लबाची भारदस्त दगडी इमारत प्रत्येक छायाचित्रात येते, त्यामुळे मैदान त्यांचेच असावे असा समज होतो. क्लबाच्या सभासदांना तिथे खेळण्याच्या काही ठरावीक वेळा राखून ठेवलेल्या आहेत. मालकी मात्र त्यांची नाही.

मी तिथे पहिल्यांदा गेलो तो वार रविवार होता. रविवारी ओल्ड कोर्सवर खेळ बंद असतो. मोठ्या स्पर्धेचा शेवटचा दिवस यांसारखे मोजके अपवाद सोडले तर हा नियम पाळला जातो. ही प्रथा ओल्ड टॉम मॉरिस यांच्या काळापासून निगुतीने चालत आली. खेळणाऱ्यांना विश्रांती नको असली तरी मैदानाला ती हवी असते, असे त्यांचे म्हणणे असल्याचे सांगतात. हे मॉरिस विणकराचे पुत्र, चेंडू बनवणाऱ्याच्या हाताखाली शिकलेले, चार वेळा ओपन जिंकलेले आणि नंतर पुष्कळ वर्षे या मैदानाचे राखणदार राहिलेले. त्यांच्या मेहनतीच्या गवतावर त्या रविवारी लोक कुत्री फिरवत होते, मुले धावत होती, एक म्हातारे जोडपे स्विलकन ओढ्यावरच्या छोट्या दगडी पुलाच्या कठड्याला टेकून उभे होते. ज्या पुलावर निवृत्त होताना जॅक निकलॉसने थांबून निरोप घेतला, त्यावर मी साताऱ्याहून नेलेल्या चपला घालून उभा राहिलो. कोणी हटकले नाही, तिकीट मागितले नाही. पहिल्या आणि अठराव्या होलची जमीन एकच आहे, १२९ यार्ड रुंद, आपल्या साखळीने पावणेबारा साखळ्या, आणि तिला आडवा छेद देऊन ग्रॅनी क्लार्क्स वाइंड नावाचा सार्वजनिक रस्ता समुद्राकडे जातो. खेळ चालू असतानाही त्यावरून पादचारी आणि गाड्या जातात, आणि खेळाडू काठी खाली टेकवून थांबतात. दुसऱ्या वेळी मी रविवार टाळून गेलो आणि तो प्रसंग डोळ्यांनी पाहिला. परगावच्या एका पाहुण्याने मारण्यासाठी पवित्रा घेतला होता, तेवढ्यात एक बाई मुलाची गाडी ढकलत रस्त्यावर आल्या, आणि त्या पलीकडे जाईपर्यंत चौघेही खेळाडू निमूट उभे राहिले. वहिवाट अशी चालू असली म्हणजे ती सिद्ध करायला कोर्टात जावे लागत नाही.

‘ओपन’ या नावाबद्दलही दोन शब्द लिहिले पाहिजेत. प्रेस्टविकला १७ ऑक्टोबर १८६० रोजी आठ जण खेळले, बारा होलांच्या तीन फेऱ्या झाल्या आणि विली पार्क १७४ फटक्यांत जिंकला. ओल्ड टॉम दोन फटक्यांनी मागे राहिले. खेळणारे कोण होते? चेंडू आणि काठ्या करणारे, मैदाने राखणारे, साहेबांच्या पिशव्या उचलणारे कॅडी. बक्षीस म्हणून लाल चामड्याचा पट्टा, तोही वर्षभर वापरून परत करायचा, पैसे नव्हते. ती पहिली स्पर्धा केवळ व्यावसायिकांसाठी होती. पुढच्याच वर्षी ती साऱ्या जगाला खुली असल्याचे प्रेस्टविकच्या क्लबाने जाहीर केले, आणि ते शब्दशः घेतले तर काय होते तेही पुढे दिसले. १९७६ मध्ये मॉरिस फ्लिटक्रॉफ्ट नावाचे एक क्रेनचालक, पूर्ण फेरी खेळण्याचा जवळपास कसलाच अनुभव नसताना, व्यावसायिक म्हणून अर्ज भरून पात्रता फेरीत उतरले आणि १२१ फटके मारून आले. आयोजक चिडले, पण दार उघडे होते एवढे तर ठरले. दुसऱ्या टोकाचे उदाहरण २०२४ चे आहे. जस्टिन रोझ हा २०१३ चा अमेरिकन ओपन विजेता, पण त्या वर्षी त्याला थेट प्रवेश मिळत नव्हता. म्हणून तो नवख्यांच्या रांगेत अंतिम पात्रता फेरी खेळला आणि स्कॉटलंडमधील रॉयल ट्रून येथे झालेल्या मुख्य स्पर्धेत संयुक्त दुसरा आला. विजेत्या झँडर शॉफलीपेक्षा त्याला दोनच फटके अधिक लागले.

माझे लिहिणे एकांगी होऊ नये म्हणून दुसरी बाजूही मांडतो, कारण आपल्या वार्ताहराने ‘धनिकांचा खेळ’ म्हटले त्यात तथ्य अजिबात नाही असे नाही. ट्रूनला विजेत्याला ३१ लाख डॉलर मिळाले. ओल्ड कोर्सवर क्लबाचा सभासद नसलेल्यालाही खेळता येते आणि त्यासाठी रोज सोडत निघते हे खरे असले, तरी बाहेरच्या माणसाला उन्हाळ्यात एका फेरीला तीनशे पौंडांहून अधिक मोजावे लागतात. गावातील रहिवाशाला वर्षाचा पास त्या मानाने फारच स्वस्त पडतो. शिवाय स्कॉटलंडमधील सगळीच मैदाने सेंट अँड्र्यूजसारखी नाहीत. एडिनबराजवळचे म्यूअरफील्ड हे पक्के खासगी आहे, आणि २०१६ मध्ये तिथल्या सभासदांनी स्त्रियांना सभासदत्व देण्याचा ठराव फेटाळला. ओपनच्या आयोजकांनी त्याच दिवशी म्यूअरफील्डला यजमानांच्या यादीतून वगळले. पुढच्या वर्षी सभासदांनी पुन्हा मतदान करून दार उघडले. खुद्द रॉयल अँड एन्शंट क्लबाला हे शहाणपण २०१४ मध्ये, स्थापनेनंतर २६० वर्षांनी सुचले. तेव्हा त्या दगडी इमारतीला मी पायरीवरूनच नमस्कार केला, आत जाण्याची इच्छा झाली नाही. माझा मुद्दा इमारतीचा नसून तिच्यासमोरच्या जमिनीचा आहे.

हे सगळे साताऱ्याच्या दैनिकाला लिहिण्याचे कारण सांगतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २२ प्रमाणे गावाच्या गुरांच्या चराईसाठी आणि इतर सार्वजनिक कामांसाठी जमिनी राखून ठेवता येतात. त्यांना आपण गायरान म्हणतो. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये जगपाल सिंग यांच्या प्रकरणात गावांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले. दप्तरातील हक्क आणि न्यायालयाचा निकाल असे दोन्ही आपल्यापाशी आहेत. तरीही, जिल्ह्याच्या पूर्व भागातील एका गावचे गायरान मी नोकरीच्या सुरुवातीला मोजले होते आणि निवृत्तीपूर्वी पुन्हा मोजण्याची वेळ आली, तेव्हा चारांपैकी दोन बाजूंच्या हद्दीचे दगड सापडले नाहीत. विचारपूस केली तर ज्याने त्याने पलीकडच्याकडे बोट दाखवले. पूर्वी त्या माळावर पोरे विटीदांडू आणि नंतर क्रिकेट खेळत. आता खेळायचे तर डांबरी रस्त्यावर. सेंट अँड्र्यूजच्या गावकऱ्यांनी सशांपायी जेवढी भांडणे केली, तेवढी आपण माणसांपायी केली नाहीत, असे मला त्या दिवशी वाटले.

शहरातील मैदानांची गत निराळी आहे. ती नाहीशी झालेली नाहीत, पण त्यांना रविवार नाही. सभा, प्रदर्शने, फटाक्यांचे स्टॉल, लग्नाचे मंडप. एक उठले की दुसरे बसते. खिळे, खडी आणि मंडपाच्या खांबांचे खड्डे मागे राहतात आणि पहाटे धावायला येणारी मुले त्यांतून वाट काढतात. २०२२ मध्ये ओपनच्या दीडशेव्या पर्वासाठी सेंट अँड्र्यूजच्या त्या एका पट्टीवर आठवड्याभरात २ लाख ९० हजार प्रेक्षक आले होते. तेव्हा गर्दीचे किंवा उत्पन्नाचे कारण पुढे करून मैदान झिजवल्याशिवाय गत्यंतर नाही, असे म्हणणाऱ्यांनी त्या जागेवर पुढच्या हंगामात गवत कसे उभे राहते हेही पाहिले पाहिजे.

एक शंका आधीच दूर करतो. आपल्याकडे गोल्फची मैदाने व्हावीत, असे मी सुचवत नाही. पश्चिमेकडच्या पठारांवर गोल्फची सोय असलेली मोठी विश्रामधामे यावीत, अशी चर्चा अधूनमधून कानावर येते. लिंक्सचे गवत समुद्राच्या दमट हवेवर आणि वाळूवर आपले आपण वाढले. आपल्या पठारांवर जांभ्या खडकावर वीतभरसुद्धा माती नाही, आणि तिथे हिरवळ उभी करायची तर माती वाहून न्यावी लागेल आणि दुष्काळी माण-खटावच्या डोळ्यांदेखत पाणी उपसावे लागेल. कासच्या पठारावर निसर्गाने जे उगवले आहे ते पाहायला जग येते; तेवढे पुरे. ज्यांना खेळायचे आहे ते खेळतीलच. आपला शुभंकर शर्मा २०२३ च्या ओपनमध्ये संयुक्त आठवा आला, आणि त्याआधी २०१२ मध्ये जीव मिल्खा सिंगने कॅसल स्टुअर्टच्या लिंक्सवर स्कॉटिश ओपन जिंकली होती. त्यांच्या बातम्या आपण जरूर छापाव्यात.

आपणांस विनंती आहे ती दुरुस्तीची. स्पर्धेचा आरंभ प्रेस्टविकचा आणि ओल्ड कोर्स ही सेंट अँड्र्यूज गावाची सार्वजनिक जमीन, एवढे दोन ओळींत छापले तरी पुरेल. २०२७ मध्ये स्पर्धा भरेल तेव्हा आपले क्रीडा पान याहून मोठी जागा देईलच. त्या वेळी पहिल्या टीच्या छायाचित्रात तो आडवा रस्ता दिसेल असे पाहावे. राहिला प्रश्न ‘लिंक्स’ या शब्दाचा. ‘दुवा’ तर नकोच. कोकणात किनाऱ्यावरच्या वाळूला पुळण म्हणतात आणि आपल्याकडे चराईच्या उघड्या जमिनीला माळ. दोन्ही जोडून मला ‘पुळणमाळ’ असा शब्द सुचतो. एखाद्या मालवणी वाचकाला याहून सरस शब्द ठाऊक असल्यास त्याने कळवावा आणि आपण तोच वापरावा, माझी हरकत नाही.

कळावे,
आपला नम्र,
एक निवृत्त भूकरमापक,
सातारा